प्रकल्प पूर्ण झाला. पाणी किती वाजता येतं?

प्रश्न थोडक्यात असा: विकास बँकेच्या कर्जातून सहा लहान शहरांत पाणीपुरवठा आणि भुयारी गटार योजना झाल्या. कामं संपून तीन वर्षं झाली. ज्या यंत्रणेनं काम केलं तिनेच लिहिलेल्या पूर्णत्व अहवालात 'यशस्वी' असा शेरा आहे. आता स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या गटात तुम्ही पहिल्यांदाच आहात, फिरायला बारा दिवस आहेत आणि मुंबईच्या कार्यालयात कागदांचे तीन खोके येऊन पडलेत. सुरुवात कुठून करायची?

वीजबिलापासून. प्रत्येक शहराच्या पंपहाऊसची मागच्या छत्तीस महिन्यांची बिलं निघायच्या आधी मागवून घ्या. खोक्यांतलं बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

आपण मुंबईत वाढलेली माणसं या बाबतीत थोडी आंधळी असतो. १८९२ साली तानसाचं पाणी शहरात आलं ते उतारानं. वैतरणेचंही बरंचसं तसंच येतं. भातसाचं मात्र पिसे इथे पंपांनी उचलावं लागतं. आणि महापालिकेची ऐपत एवढी, की विजेचं बिल थकलं म्हणून नळ कोरडा पडेल अशी धास्ती दादर-परळच्या माणसाला कधी वाटलीच नाही. कसारा घाट ओलांडला की हिशेब बदलतो. धरण खाली, गाव वर, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटरची ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पंपानं पाणी वर ढकलणारी वाहिनी. तिथे पाणी म्हणजे वीजच, फक्त पाइपातून येणारी.

एकदा कागदावर मांडून बघा. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ०.४२. आता ५० हजार वस्तीचं शहर घ्या, माणशी १३५ लिटर. म्हणजे रोज ६७.५ लाख लिटर. शंभर मीटरच्या चढाला रोज साधारण २,८०० युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला पावणेसात लाख, वर्षाला ८२ लाखांच्या आसपास. यात गळती धरलेली नाही. लोकांच्या हंड्यात १३५ लिटर पडायचे असतील आणि वाटेत ४० टक्के पाणी जात असेल, तर तेवढंच पाणी पोचवायला ११२ लाख लिटर उचलावं लागतं आणि बिल जातं १ कोटी ३७ लाखांवर. आता दुसरी बाजू. दहा हजार घरं, पाणीपट्टी वर्षाला दीड हजार, वसुली ६० टक्के. हातात आले ९० लाख. तुरटी, क्लोरीन, वॉल्व्हमनचे पगार, जळालेली मोटर बांधून घेणं, हे सगळं अजून बाकीच आहे.

हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. तुमच्या शहरांचे तुम्ही घाला. पण आकृती बहुतेक ठिकाणी हीच निघते. टाकी, जॅकवेल (धरणातलं पाणी उचलायची विहीर), शुद्धीकरण केंद्र सगळं जागेवर असतं, रंगही ताजा असतो. नगरपरिषद मात्र पंप रोज किती तास चालवणं परवडतं ते बघते आणि तेवढाच चालवते. 'प्रकल्प पूर्ण' आणि 'पाणी येतं' या दोन वाक्यांमधलं अंतर तिथे पडतं. बांधकामाचे पैसे द्यायला सगळे असतात. २००५ च्या जवाहरलाल नेहरू अभियानाबरोबर लहान-मध्यम शहरांसाठी जी योजना आली तिच्यात केंद्र ८०, राज्य १० आणि स्थानिक संस्था १० अशी वाटणी होती. २०२१ च्या अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत एक लाखाच्या आतल्या शहरांचा निम्मा खर्च केंद्रानं द्यायचा असं ठरलं. चालवण्याचा खर्च मात्र पाणीपट्टीतून यावा अशी अपेक्षा असते, आणि पाणीपट्टी वाढवायचा ठराव निवडणुकीच्या आदल्या वर्षी कुठल्या सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला मी तरी पाहिलेला नाही.

बिलं हातात आली की पंपहाऊसचं लॉगबुक मागा. पंप किती तास चालला हे त्यात लिहिलेलं असतं. तासांना मोटरच्या किलोवॅटनं गुणा आणि बिलातल्या युनिटशी ताडून बघा. एका शहरात मला लॉगबुकात रोजचे वीस तास दिसले, तेही महिनाभर एकाच पेननं, एकाच हातानं लिहिलेले. बिल अकरा तासांच्या हिशेबाचं होतं. मधले नऊ दिवस तर रोहित्र जळून पंप बंदच होता, आणि त्या नऊ दिवसांतही वीस-वीस तास लिहिलेले. मी तावातावानं ऑपरेटरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, ''साहेब, रकाना रिकामा ठेवला की ठेकेदार पगार कापतो.'' पाण्याचा आकडा खोटा होता, पण शहराचा कारभार कसा चालतो याची इतकी खरी माहिती मला दुसऱ्या कुठल्या कागदातून मिळाली नव्हती. अशा वेळी 'नोंदी अविश्वसनीय' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. नोंद खोटी का लिहावी लागते, हाच तुमच्या अहवालातला एक परिच्छेद आहे.

नंतर वॉल्व्हमन. नगराध्यक्षांचा सत्कार, मुख्याधिकाऱ्यांचं सादरीकरण, पाणीपुरवठा अभियंत्यांबरोबर टाकीवर चढून फोटो, हे पहिल्या दिवशी होतंच. होऊ द्या, नाही म्हणणं बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉल्व्हमनच्या मोटरसायकलवर मागे बसा. कुठल्या गल्लीला किती मिनिटं, कुठला वॉल्व्ह अर्धाच उघडायचा, कुठल्या नगरसेवकाच्या वॉर्डाचा आधी सोडायचा, आणि नवीन वितरण नकाशात असलेली कुठली पाइपलाइन प्रत्यक्षात जोडलेलीच नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याला विचारा की शेवटचं घर कोणतं. मग त्या घरी जा.

त्या घरी 'समाधानी आहात का' असं विचारू नका. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. पाणी कधी आलं होतं, किती वाजता, किती वेळ, कशात भरलं, शेवटचा टँकर कधी मागवला आणि त्याला काय दिलं, एवढं विचारा. आणि उत्तर पाणी भरणारीकडून घ्या. पुढे येऊन बोलणाऱ्या दादांना बहुतेक वेळा नळाची वेळ माहीत नसते. अंगणात नजर टाका. किती पिंप आहेत, सिंटेक्सची टाकी केवढी आहे, नळाला थेट मोटर लावली आहे का. घरानं साठवणीवर केलेला खर्च म्हणजे योजनेवरचा अविश्वासच, रुपयांत मोजता येणारा. जाताना खिशात क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायची छोटी पेटी, ठेवा. तिच्यातल्या ओटी या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर शेवटच्या टोकाला क्लोरीन पोचत नाही. शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतली फाइल किती नीटनेटकी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा.

सरासरीपासून सावध. केंद्रीय शहरी विकास मंत्रालयानं २००८ मध्ये ठरवलेल्या सेवामानदंडांत माणशी १३५ लिटर, २४ तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर आणि हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, असं सगळं आहे. पूर्णत्व अहवालात 'माणशी ११८ लिटर' असा आकडा सापडेल. तो टाकीतून सुटलेल्या पाण्याला लोकसंख्येनं भागून काढलेला असतो. लोकसंख्या तरी कुठली? शेवटची जनगणना २०११ ची; पुढचं सगळं अंदाजी वाढीचं. आणि चार दिवसांआड आलेलं पाणी सरासरीत रोजचं दिसतं. म्हणून लिटरच्या शेजारी नेहमी 'किती दिवसांआड, किती मिनिटं' हा रकाना ठेवा. हे जमूच शकत नाही असं कोणी म्हणालं तर कराडजवळच्या मलकापूरचं नाव घ्या. तिथे प्रत्येक जोडणीला मीटर लावून, जास्त वापराला चढा दर ठेवून, चोवीस तास पाणी दिलं गेलं. अर्थात मलकापूर म्हणजे मराठवाडा नव्हे, कृष्णाकोयनेच्या संगमाजवळचं गाव आहे ते. हेही सांगायला विसरू नका.

भुयारी गटाराला मात्र जास्त वेळ द्या. अहवाल सगळ्यात जास्त फसवतो तो इथे, आणि बहुतेक वेळा त्यात कुणाची लबाडीही नसते. किती किलोमीटर वाहिनी टाकली, किती चेंबर बांधले, मैलाशुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, हे आकडे खरेच असतात. पण घरं किती जोडली? आणि जोडलेल्या घरांतून केंद्रापर्यंत खरोखर येतं किती? आपल्याकडच्या नियमानुसार गटार नसलेल्या शहराला माणशी ७० लिटर आणि गटार असलेल्याला १३५ लिटर धरतात, ते उगाच नाही. वाहिनीत मैला साचू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग हवा. जिथे पाणीच चार दिवसांआड येतं तिथे माणसं बादलीनं जपून ओततात. वाहिनीत वेग येणार कुठून? त्यात घरोघरी आधीच सेप्टिक टँक आहेत. संडास मागच्या परसात, वाहिनी पुढच्या रस्त्यात. जोडणी घ्यायची म्हणजे घरातली फरशी फोडायची, गवंडी बोलवायचा, वर नगरपरिषदेत पैसे भरायचे. आणि मिळणार काय, तर जे आत्ता फुकट चाललंय तेच. मीही जोडणी घेतली नसती.

केंद्रावर सकाळी सात-साडेसातला जा. घरोघरच्या आंघोळी उरकत असतात ती वेळ. आत येणाऱ्या चॅनेलमध्ये बघा. वास येत नसेल आणि पाणी स्वच्छ दिसत असेल तर आनंद मानू नका. मैला येतच नसेल. मैल्यात हवा सोडणारे ब्लोअर बंद असतील तर विजेचं बिल वाचवलं जातंय. हिरवळ मात्र छान राखलेली असते. कधीकधी असंही दिसतं की घरं जोडलेली नाहीत, पण गावातला नाला अडवून त्याचं पाणी केंद्रात घेतलंय. पूर्णत्व अहवाल हे लपवतो, आणि मूल्यमापन करणारे हे सापडलं की 'उद्दिष्ट साध्य झालं नाही' असा शेरा मारतात. दोघांचंही चुकतं असं मला वाटतं. नदीत जाणारी घाण कमी झाली असेल तर ते मोजा आणि लिहा; घरजोडणी झाली नाही तेही लिहा. आणि मूळ प्रश्न विचारा: या शहराला भुयारी गटाराची गरज होती का? वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांच्या चक्रानं घरोघरचे सेप्टिक टँक उपसायचे आणि तो गाळ वेगळ्या केंद्रात शुद्ध करायचा, असा रस्ता घेतला. वाहिन्यांच्या जाळ्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. प्रकल्प आखताना हा पर्याय टेबलावर आला होता का, नसेल तर का नाही, हे तुमच्या तीन खोक्यांत शोधा. बहुधा सापडणार नाही, आणि तोच निष्कर्ष.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. मराठवाड्यातल्या एका शहरात आमची आधीची पाहणी २०१६ च्या उन्हाळ्यात झाली होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, म्हणजे साल कसं होतं ते कळेल. त्यानंतर पाऊस चांगला झाला, योजनाही सुरू झाली, आणि पुढच्या पाहणीत टँकर बंद, बायकांचा पाण्याला लागणारा वेळ निम्म्याहून कमी. मी ते सगळं प्रकल्पाच्या खात्यावर जमा केलं. एका जाणत्या सहकाऱ्यानं मसुदा वाचून एवढंच विचारलं, ''शेजारच्या तालुक्याच्या गावी, जिथे प्रकल्प नव्हता, तिथले टँकर चालू आहेत का?'' तिथलेही बंद झाले होते. धरण भरलं होतं.

तेव्हापासून मी 'आधी आणि नंतर' यावर कधी भागवत नाही. प्रकल्प झाला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न शेजारी उभा करतो. सहा शहरांवर नाणेफेक करून प्रयोग होत नसतात. ती निवडली जाताना आमदार-खासदार होतेच. म्हणून निदान दोन अशी शहरं धरा की जी यादीत होती पण गळली, त्याच खोऱ्यातली, साधारण तेवढ्याच वस्तीची. तिथे दीड-दोन दिवस घालवा. बँकेला हा खर्च अनावश्यक वाटतो; भांडून घ्या. आणि जमलं तर दौरा एप्रिल-मेमध्ये ठेवा. पथकं डिसेंबर-जानेवारीत येतात, कारण तेव्हा हवा छान असते, हुरड्याचे दिवस असतात. त्या दिवसांत कुठलीही पाणी योजना यशस्वी दिसते.

निकषांबद्दल फार लिहीत नाही. ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीनं १९९१ मध्ये पाच निकष घातले: औचित्य, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. २०१९ मध्ये सहावा आला, इतर कामांशी सुसंगती. तुमच्या अहवालाची प्रकरणं याच क्रमानं असणार, ते काही टळत नाही. फक्त शाश्वततेला शेवटचं अर्धं पान देऊ नका. लहान शहरात तोच पहिला निकष आहे, बाकीचे त्याच्या पोटात येतात.

आर्थिक परताव्याचा दर, म्हणजे खर्चाच्या मानानं समाजाला वर्षाला किती टक्के लाभ झाला ते, पुन्हा काढायला सांगतील. आशियाई विकास बँक पूर्वी १२ टक्के मागायची, २०१७ पासून ९ टक्के धरते. तक्त्यातला लाभाचा रकाना बारकाईनं तपासा. वाचलेला वेळ, वाचलेला टँकर, वाचलेलं आजारपण आणि वर 'लोक एवढे पैसे द्यायला तयार आहेत' अशी चारही धरलेली असतील, तर एकाच फायद्याचे दोनदा पैसे लावलेत. मग सगळ्यात सोपी चाचणी करा: तक्त्यात पंप रोज किती तास धरलाय ते बघा आणि तिथे तुमच्या वीजबिलातले तास घाला. एका शहरात एवढ्या एका दुरुस्तीनं मूळचा घसघशीत दर शून्याच्या खाली गेला. बाकी काहीही बदललं नव्हतं.

माणसं मोजा. २०१४-१५ च्या सुमारास राज्यातल्या अनेक तालुक्यांच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. पाटी बदलली, पाणी सोडणारा माणूस तोच, बहुतेक वेळा रोजंदारीवर. त्याच्या हाती आपण स्वयंचलित नियंत्रणाचं पॅनेल देतो, ज्याचा पासवर्ड गेलेल्या ठेकेदाराच्या पोराकडे असतो. मुख्याधिकारी तीन वर्षांत किती बदलले ते विचारा. मी एका ठिकाणी पाच मोजले. प्रशिक्षणावर खर्च झाला असं अहवालात असेल तर प्रशिक्षणाला गेलेल्यांची यादी घ्या आणि त्यातले किती जण आज त्या शहरात आहेत ते बघा.

कुणाचं काही गेलं का, हेही विचारायचं असतं, आणि लहान शहरात ते सहज निसटतं, कारण विस्थापितांचा आकडा छोटा असतो. टाकीखालची जागा, केंद्रासाठी घेतलेला गायरानाचा तुकडा, वाहिनी खोदताना सहा महिने बसलेली भाजीवाल्यांची विक्री. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात पुनर्वसनाच्या तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलपर्यंत गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले. तिथे दुकानदार संघटित होते. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या बाईला पॅनेल नावाची गोष्ट माहीत नसते. तिच्यापर्यंत तुम्हालाच जावं लागेल.

शेवटी शेरा. सहा शहरांची सरासरी काढून एक शेरा द्यायला सांगतील, कारण कर्ज एकच आहे. द्या, पण त्याच पानावर सहा ओळींचा तक्ता ठेवा: शहर, पाणी किती दिवसांआड, वीजबिलाची थकबाकी किती महिन्यांची, घरजोडण्या किती. दोन चांगली, तीन मधली आणि एक बंद पडलेली असं असेल तर 'यशस्वी' या शब्दाखाली ते बंद पडलेलं शहर गाडलं जातं. तुम्ही 'अंशतः यशस्वी' म्हणालात तर फोन येतील. काम केलेली मंडळी बहुधा चांगली असतात, राबलेली असतात, त्यांचं वाईट वाटणं खरं असतं. त्यांच्याशी शेऱ्यावर वाद घालू नका. तक्त्यातली कुठली संख्या चुकली ते दाखवा म्हणा, दुरुस्त करतो.

आणि मसुद्याचं चार पानी मराठी टिपण करून प्रत्येक नगरपरिषदेत जाऊन वाचून दाखवा. इंग्रजी अहवाल मनिला किंवा वॉशिंग्टनला जातो. ज्याला पंप चालवायचाय तो माणूस हा अहवाल कधी पाहतही नाही. सभागृहात पंखे बंद पडलेले असतात, दोन नगरसेवक भांडतात, तास वाया जातो असं वाटतं. पण माझ्या एका अहवालात टाकीची क्षमता चुकीची छापली गेली होती. बँकेच्या तीन तपासण्यांतून ती सुटली. मागच्या बाकावर बसलेल्या एका निवृत्त वॉल्व्हमननं हात वर करून सांगितलं, ''ती टाकी साडेसात लाखांची नाय, पाचाची हाय. मी चोवीस वर्षं भरलीय.''